उन्हाळ्यातला हिरवा वाफा : प्रस्तावना

होळी झाली की नगर जिल्ह्यातल्या आठवडे बाजारांत पाला कमी होऊ लागतो. माघात जी मेथी कोणी विचारत नाही, वाहतुकीचाही खर्च निघत नाही म्हणून शेतकरी जी शेतातच नांगरून टाकतो, तीच मेथी वैशाखात शेकड्याच्या लिलावात सर्वांत आधी उचलली जाते. भाजीवाली पिशवीत वरून टाकायची ती कोथिंबिरीची काडी बंद होते. घराघरांत कडधान्ये, बटाटा, पिठले आणि कांदा यांवर दोन-अडीच महिने निघतात. मृगाचा पाऊस पडून बांधावर पहिला पाला दिसेपर्यंत हे असेच चालणार, असे आपण धरून चाललो आहोत.

या टंचाईचा दोष आपण उन्हाला आणि पाण्याला देतो. या पुस्तकाचे म्हणणे वेगळे आहे. दोष बराचसा आपल्या निवडीचा आहे. मेथी, कोथिंबीर, पालक, शेपू या थंडीत रमणाऱ्या भाज्या आपण भर उन्हाळ्यात मागतो आणि ज्या भाज्यांना ऊन मानवते त्या तांदुळजा, राजगिरा, घोळ, मायाळू यांना तण किंवा गरिबाचे खाणे म्हणून बाजूला सारतो. पाणी कमी आहे हे खरेच. पण दहा बाय दहा फुटांच्या वाफ्याला लागेल इतके पाणी बहुतेक घरांच्या मोरीतून रोज वाहून जाते. हे सगळे विस्ताराने सांगण्याआधी हा मुलूख कसा आहे ते पाहिले पाहिजे, कारण उन्हाळी पालेभाजीचे बहुतेक छापील सल्ले दुसऱ्याच हवामानासाठी लिहिलेले असतात.

जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. बोलण्यात अजून नगरच येते, म्हणून इथेही दोन्ही येतील. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा, सतरा हजार चौरस किलोमीटरांहून थोडा जास्त, तालुके चौदा. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीकडे सह्याद्रीचा धो धो पाऊस आणि भाताची खाचरे. तिथून पूर्वेला निघाले की पाऊस झपाट्याने उतरतो. संगमनेरचे पठार, पारनेर, नगर, पाथर्डी, कर्जत, जामखेड हा सगळा पर्जन्यछायेचा, रब्बी ज्वारीचा टापू. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी गाठतो. पण पाल्याचा जीव पाऱ्यापेक्षा दुपारचा कोरडा वारा जास्त घेतो. हवेत ओल नाही, त्यामुळे पान मुळांना पुरवता येणार नाही इतके पाणी बाहेर टाकते आणि मान टाकते. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. नगरचे पठार समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंच, त्यामुळे कोकणासारखी दमट रात्र इथे नसते. सूर्य मावळला की जमीन निवते. संध्याकाळी दिलेले पाणी रात्रभर मुळांना मिळते. इथल्या उन्हाळी वाफ्याचे निम्मे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे.

उरलेले निम्मे वनस्पतीच्या अंगात आहे. ऊस, ज्वारी, बाजरी आणि मका ही जिल्ह्याची चार पिके उन्हात तग धरतात, कारण हवेतला कार्बन पकडण्याची त्यांची रीत वेगळी आहे. शास्त्रज्ञ तिला ‘सी-फोर’ म्हणतात. पानावरची रंध्रे थोडीशी उघडी ठेवूनही त्यांचे काम भागते, म्हणून कमी पाण्यात आणि जास्त उष्णतेत ती वाढत राहतात. पालेभाज्यांमध्ये ही रीत फार थोड्यांना साधते. राजगिरा, माठ आणि तांदुळजा हे कूळ त्यातले एक. घोळीची तर त्याहून पुढची मजल आहे. पाण्याचा ताण पडला की ती निवडुंगासारखी दिवसा रंध्रे मिटते आणि रात्री हवा घेऊन ती आम्लाच्या रूपात पानांत साठवते. ताण बसलेली घोळ पहाटे खुडली तर आंबट लागते आणि संध्याकाळी खुडली तर बेताची. गावाकडच्या बायकांनी हे जिभेवर ओळखले होते, प्रयोगशाळेने कारण नंतर सांगितले.

कोथिंबिरीची गत उलटी आहे. दिवस मोठा झाला, जमीन तापली की तिला घाई सुटते. चार पाने येतात न येतात तोच ती दांडा काढून फुलावर येते. विलायती सॅलडचा लेट्यूस तर उगवायलाच तयार होत नाही. माती तिशीच्या वर तापली की त्याचे बी जिवंत असूनही झोपून राहते. मेथी तीन-चार दिवसांत उगवते, पण तापलेल्या वाफ्यात तिची रोपे कोलमडतात. आपला देशी पालक मध्ये कुठेतरी बसतो. तो बिटाच्या कुळातला असल्यामुळे ऊनही बऱ्यापैकी सोसतो आणि क्षारही सोसतो. राहाता, श्रीरामपूर, राहुरी या कालव्याखालच्या भागात जिथे जमिनी क्षारपड झाल्या आहेत आणि बोअरचे पाणी मचूळ आहे, तिथे पालकाला या एका गुणासाठी पहिला मान द्यायला हवा. युरोपातला खरा स्पिनॅच वेगळा, त्याला आपले ऊन झेपत नाही. बियाण्याच्या पाकिटावरचे चित्र पाहून लोक तो घेतात आणि निराश होतात.

म्हणून या विषयाचे दोन भाग पडतात. एक, उन्हाळ्याच्या स्वतःच्या भाज्या ओळखणे आणि पेरणे. दोन, हिवाळी भाज्या हव्याच असतील तर त्यांच्यासाठी वाफ्यापुरता हिवाळा तयार करणे. हा दुसरा भाग कसबाचा आहे. पहिल्या भागाला फक्त आठवण लागते.

जिल्ह्यात बागेचा इतिहास जुना आहे. निजामशाहीने पंधराव्या शतकाच्या अखेरीला नगर वसवले आणि पुढच्या शतकात आसपासच्या गावांतून खापरी नळांनी पाणी शहरात आणले. फराहबाग आणि हश्त-बिहिश्त हे बागमहाल पाण्याच्या मधोमध उभे राहिले. त्या बागा राजेलोकांच्या विसाव्यासाठी होत्या, पण उताराने आणलेल्या पाण्याने कोरड्या पठारावर हिरवळ टिकवता येते हे ज्ञान त्यांनी इथे रुजवले. नगरच्या किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात स्थानबद्ध असताना पंडित नेहरूंनीही फुलांचे वाफे खणले. तिथली माती दगडगोट्यांनी आणि जुन्या बांधकामांच्या राडारोड्याने भरलेली होती, असे त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’त नोंदवले आहे. नगर शहरात ज्याने कुदळ मारली आहे त्याला हे वर्णन आजही पटेल.

खरी भाजीची बाग मात्र विहिरीवर वाढली. जुन्या महसुली दप्तरांत बागायताचे मोटस्थळ आणि पाटस्थळ असे भाग आढळतात. पाटाचे पाणी कधी येईल ते पाटावर अवलंबून, मोटेचे पाणी आपल्या हातात. पालेभाजी त्यामुळे पहिल्यापासून मोटेची राहिली. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले, प्रवरेचे आणि त्याआधी गोदावरीचे कालवे आले, पुढे मुळा, घोड आणि कुकडीचे पाणी आले, तरी हे बदलले नाही. कालव्याचे पाणी आवर्तनाने सुटते, उन्हाळ्यात दोन पाळ्यांमध्ये कित्येक आठवडे जातात. ऊस तेवढा काळ तग धरतो. वीतभर मुळांची मेथी चौथ्या दिवशी संपते. कालव्यांनी जिल्ह्यात साखर आणली आणि प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला. पालेभाजीला त्यांचा उपयोग झाला तो वेगळ्या वाटेने, पाझराने विहिरी भरल्या म्हणून.

विहिरीवरच्या मळ्यात जी पद्धत घडली तिला मी या विषयाची पहिली शाळा मानतो. तिथे उन्हाळी कोथिंबीर कधी उघड्या रानात पेरली जात नाही. दोडक्या-कारल्याच्या मांडवाखाली, मक्याच्या किंवा शेवरीच्या ओळीच्या पूर्वेला, लिंबाच्या बागेत झाडांच्या मधल्या पट्ट्यात ती पेरतात, म्हणजे दुपारनंतरचे पश्चिमेचे ऊन अडते. अरबस्तानातल्या आणि उत्तर आफ्रिकेतल्या मरुद्यानांत हीच रचना तीन मजल्यांची आहे. वर खजूर, मधे फळझाड, खाली भाजी. उष्ण प्रदेशातले शेतकरी एकमेकांना न भेटता एकाच उत्तरावर आले.

दुसरी शाळा परसातली. मोरीचे पाणी जिथे जाते तिथे अळू, केळ आणि कर्दळ. माठाखाली ठिबकणाऱ्या पाण्यावर पुदिना. भांडी घासायच्या जागेशेजारी गवती चहा आणि ओव्याचे पान. कुंपणावर मायाळू, कोपऱ्यात कढीपत्ता आणि शेवगा. या बागेला कोणी बाग म्हटले नाही आणि तिची नोंद कोणत्याही पीक पाहणीत आली नाही. तिची मालकी कायम बाईकडे राहिली. सातबारा नवऱ्याच्या नावावर, पण पुदिन्याची कांडी कोणाला द्यायची हे ती ठरवत आली. घरे पक्की झाली, अंगणात फरशी आली, मोरी गटाराला जोडली गेली, आणि ही शाळा एका पिढीत जवळजवळ बंद पडली.

तिला पुन्हा उभे करण्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव आज देशभर माहीत आहे. स्थानिक बियाणे जपण्याच्या कामासाठी त्यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली. ‘बायफ’ संस्थेच्या मदतीने त्यांनी घरातच बीजकोष उभा केला आणि परसबागेचा नमुना गावोगाव पोचवला. त्यांच्या वालाच्या वाणांबद्दल बरेच लिहून आले आहे. मला त्यांच्या कामातला अधिक मोलाचा वाटतो तो आग्रह, की भाजीचे बी बाईच्या हातात राहिले तर घरातले खाणे तिच्या हातात राहते. उन्हाळी पालेभाज्यांना हे विशेष लागू आहे. तांदुळजा आणि घोळ यांचे बी दुकानात अभावानेच मिळते. ते कोणीतरी धरून ठेवावे लागते.

तिसरी शाळा विद्यापीठाची. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ चे. त्याच्याबरोबर पंधरा-वीस किलोमीटरांवरच्या शेतकऱ्याला बियाणे, माती परीक्षण आणि पाण्याचा हिशेब यांचे दार उघडले. पुढे बाभळेश्वर आणि दहिगाव-ने इथली कृषी विज्ञान केंद्रे आली. दिल्लीच्या संशोधन संस्थेचे राजगिऱ्याचे ‘पुसा कीर्ती’ आणि पालकाचे ‘ऑल ग्रीन’, बंगळुरूच्या संस्थेचे पुन्हा पुन्हा कापता येणारे ‘अर्का सुगुणा’ राजगिरा आणि ‘अर्का ईशा’ कोथिंबीर, असे वाण विद्यापीठांच्या आणि केंद्रांच्या साखळीतूनच सामान्य माणसाला कळतात. या शाळेचे ऋण मोठे आहे. तिची मर्यादा अशी की ती हेक्टरात बोलते. वाफ्याएवढ्या जागेसाठी लागणारा सल्ला त्या भाषेतून वेगळा काढावा लागतो.

चौथी शाळा गच्चीची, आणि तिचे गुरू कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर. ‘विपुलाच सृष्टी’ लिहिणाऱ्या आणि प्रयोग परिवार उभा करणाऱ्या या गणिताच्या प्राध्यापकाने शेतीचा विचार जमिनीच्या क्षेत्रफळावरून पानाच्या क्षेत्रफळावर आणला. पानावर पडलेले ऊन हेच भांडवल, आणि ते किती पानांनी, किती काळ गोळा केले यावर उत्पन्न ठरते. नगरच्या उन्हाळ्यात या विचाराला एक पुरवणी जोडावी लागते. आपल्याकडे पालेभाजीला लागते त्याहून जास्त ऊन आहे. निम्मे अडवले तरी पान उपाशी राहत नाही, उलट दुपारी मिटणारी रंध्रे उघडी राहतात. पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट म्हणूनच इथे चालते. ती सहा-सात फुटांच्या खाली बांधू नये आणि बाजू बंद करू नयेत, नाहीतर आत वाफ कोंडते.

पाचवी शाळा अलीकडची. पुणे-मुंबईच्या हॉटेलांसाठी हरितगृहात आणि मातीविना पाण्यावर घेतलेले लेट्यूस आणि बेसिल. तिच्याबद्दल मी थोडक्यात लिहितो, कारण घरच्या बागेला तिचा उपयोग थोडा आहे. प्लॅस्टिकचे बंद हरितगृह आपल्या उन्हाळ्यात भट्टी होते, ते गार ठेवायला पंखे, ओल्या जाळ्या आणि वीज लागते. बेसिल मात्र कोणीही लावावे. तो आपल्या सब्जाच्याच जातीचा आहे आणि पाणी मिळाले की ऊन आनंदाने सोसतो.

आता पाण्याचा हिशेब, कारण पहिला आक्षेप तोच येईल. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. दहा बाय दहा फुटांचा वाफा सव्वानऊ चौरस मीटरांचा. उन्हाळ्यात दिवसाला सात मिलिमीटर धरले तर पासष्ट लिटर लागतात. वर सावली आणि खाली उसाच्या पाचटाचे आच्छादन असेल तर त्याहून कमी. जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटरांचे माप धरले आहे. पाच माणसांच्या घराला २७५. त्यातले निम्मे जरी अंघोळ आणि धुण्या-भांड्यांतून बाहेर पडले तरी दोन वाफे भिजतात, आणि दोन वाफे पंधरा दिवसांच्या अंतराने पेरले तर घराला आठवड्यातून दोन-तीनदा पालेभाजी मिळते. साबणाचे पाणी आधी केळ-कर्दळीच्या खड्ड्यातून जाऊ द्यावे. जो पाला कच्चा खायचा त्याच्या पानांना मोरीचे पाणी कधीही लागू देऊ नये. तो वाफा वेगळा ठेवून त्याला स्वच्छ पाणीच द्यावे.

हा हिशेब टँकरच्या गावाला लागू होत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. २०१८-१९ च्या दुष्काळात चारा छावणीत जनावराबरोबर राहिलेल्या कुटुंबाला कोथिंबिरीचा वाफा सुचवणे क्रूरपणाचे ठरेल. तिथे हिवरे बाजारचे उदाहरण महत्त्वाचे वाटते. पोपटराव पवारांच्या त्या गावात दर वर्षी पावसाचे मोजमाप होते, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे येतो, आणि आधी माणसे, मग जनावरे, मग पिके असा क्रम लागतो. पाऊस कमी झाला की उन्हाळी पिकांना मर्यादा येते. अशा ताळेबंदात परसबागेची ओळ स्वतंत्र असावी, शेतीत मोडू नये, असा माझा आग्रह आहे. तिला लागते ते पाणी एकदा वापरलेलेच असते.

कच्चा पाला खाणे ही शहरी फॅशन आहे असा समज दूर व्हावा, हाही या पुस्तकाचा एक हेतू आहे. पातीचा कांदा किंवा कोवळी मेथी चिरून तिला तेल, तिखट, मीठ आणि दाण्याचे कूट चोळले की घोळाणा होतो. मराठवाड्याच्या आणि त्याला लागून असलेल्या तालुक्यांच्या जेवणात तो भाकरीबरोबर ठरलेला असतो. घोळीची कोवळी पाने, पुदिना, कैरीचा कीस आणि कांदा एकत्र केले की भर वैशाखात कोणत्याही लेट्यूसची आठवण होत नाही. तांदुळजा कच्चा खाऊ नये, तो शिजवावा. घोळही मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी बेताने खावी, तिच्यात ऑक्झॅलेट बरेच असते.

हे सगळे आताच का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पालेभाजी हा त्यावरचा एकमेव उपाय नाही, पण ताटातून दोन-अडीच महिने पाला गायब होणे ही गोष्ट त्या आकड्यापासून दूरची नाही. दुसरे कारण, उन्हाळ्यात महाग विकला जाणारा पाला बऱ्याचदा शहराच्या कडेला, नाल्याच्या पाण्यावर आणि फवारणीच्या भरवशावर वाढतो. पंचवीस-तीस दिवसांच्या पिकावर आज फवारलेले औषध उतरायला वेळच मिळत नाही. आणि तिसरे, उन्हाळा आता लवकर सुरू होतो. फेब्रुवारीच्या शेवटी पेरलेली कोथिंबीरही आता भरवशाची राहिलेली नाही.

पुस्तक कोणासाठी आणि कसे आहे, याबद्दल थोडे. त्याची रचना भाज्यांच्या यादीप्रमाणे केलेली नाही, महिन्यांप्रमाणे केली आहे. माघाच्या अखेरीला सावलीची जागा ठरवण्यापासून रोहिणी नक्षत्रात पावसाळी बी काढून ठेवण्यापर्यंत वाचक आपल्या पंचांगाबरोबर चालू शकेल. प्रत्येक कामाचे कारण दिले आहे, कारण कारण कळले की माणूस आपल्या जागेप्रमाणे बदल करू शकतो. उदाहरण म्हणून एप्रिलमधली कोथिंबीर घ्या. धणे रगडून दोन डाळी वेगळ्या करायच्या, रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधून गार जागी ठेवायचे. वाफा आदल्या दिवशी भिजवून ठेवायचा आणि पेरणी सूर्य कलल्यावरच करायची. वर ओले गोणपाट अंथरायचे आणि पहिला कोंब दिसला की त्याच संध्याकाळी उचलायचे. एक दिवस उशीर झाला तर कोंब गोणपाटात अडकून तुटतात, आणि सकाळी उचलले तर दुपारपर्यंत जळतात. बोटभर उंचीची झाली की मुळासकट उपटायला सुरुवात करायची, फुलाची वाट पाहायची नाही. उन्हाळी कोथिंबीर हे महिन्याभराचे पीक आहे, आणि दर आठ दिवसांनी हातभर जागेत थोडे धणे टाकत राहणे हाच तिचा उपाय. एकरभर पेरून शेकड्यावर विकणाऱ्याला हे परवडणार नाही. हे पुस्तक त्याच्यासाठी लिहिलेले नाही, बाजाराचे गणित त्यात आलेले नाही.

आणखी एक गोष्ट मुद्दाम बाहेर ठेवली आहे. अकोल्याच्या डोंगरात मृगानंतर उगवणाऱ्या रानभाज्या उन्हाळी वाफ्याच्या शेवटाला येऊन मिळतात, पण त्यांचे ज्ञान वेगळे आहे. कोणती भाजी कोणत्या आठवड्यात कोवळी असते, कोणती दोनदा उकळून पाणी टाकल्याशिवाय खायची नाही, कोणत्या कड्याखालची घ्यायची नाही, हे तिथल्या महादेव कोळी आणि ठाकर बायकांना जितके माहीत आहे त्याच्या पावपटही आमच्यापैकी कोणाला माहीत नाही. ते पुस्तक त्यांच्या तोंडून आणि त्यांच्या नावावर यायला हवे. त्यासाठीची टिपणे आम्ही राखून ठेवली आहेत, आणि मागतील त्यांच्या हवाली करू.